म्होरक्यावांचून मेळ

मृग नक्षत्र लागण्यापूर्वींच्या दिवसांत भंडारदऱ्याच्या बाजूच्या रानांत किंवा कोंकणांतील एखाद्या ओढ्याच्या कांठीं ज्यांनीं रात्र काढली असेल, त्यांस काजव्यांनीं लगडलेल्या झाडाचें वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाहीं. काळोखांत झाड दिसत नाहीं. असंख्य ठिणग्यांनीं रेखलेला त्याचा आकार तेवढा दिसतो. तें दृश्य पाहून मन प्रथम हरखून जातें, हें स्वाभाविकच आहे. परंतु काजव्यांच्या या खेळांत एक अवघड प्रश्न दडलेला आहे व त्याचें उत्तर मिळण्यास जवळजवळ तीनशें वर्षें लागलीं. प्रश्न असा कीं, कांहीं देशांतील काजवे हजारोंच्या संख्येनें एकाच क्षणीं उजळतात आणि एकाच क्षणीं विझतात. तो क्षण त्यांना कोण सांगतो? या प्रश्नाचा इतिहास सयामांतील एका नदीपासून सुरू होतो आणि दक्षिण अमेरिकेंतील एका ज्वालामुखीच्या उतारापर्यंत येऊन पोंचतो.

एंगेलबर्ट केम्फर या नांवाचा एक जर्मन वैद्य डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत होता. १६९० सालीं जपानला जातांना तो वाटेंत सयामांत, म्हणजे आजच्या थायलंडांत, थांबला. तेथील मेनाम नदींतून समुद्राकडे येत असतां त्यानें कांठच्या झाडांवर काजवे पाहिले. एका झाडाच्या सर्व फांद्यांवर बसलेले काजवे आपला प्रकाश एकदम झांकतात व एकदम प्रकट करतात आणि हें सर्व अतिशय नियमितपणें चालतें, असें त्यानें नमूद करून ठेवलें. केम्फर १७१६ सालीं वारला. त्याच्या हस्तलिखितावरून तयार झालेला जपानचा इतिहास १७२७ सालीं लंडनमध्यें इंग्रजींत प्रसिद्ध झाला व त्यांत सयामच्या प्रवासाचा हा मजकूर जगापुढें आला.

पुढें पौर्वात्य देशांत गेलेल्या अनेक प्रवाशांनीं याच प्रकारच्या हकीकती लिहिल्या. परंतु युरोप-अमेरिकेंतील विद्वानांपैकीं पुष्कळांना त्या खऱ्या वाटेनात. त्यांच्या स्वतःच्या कुरणांतील काजवे आपापल्या लहरीप्रमाणें चमकत. मग सयामचे काजवेच तेवढे शिस्तीचे कसे? १९१७ सालीं फिलिप लॉरेंट नांवाच्या गृहस्थांनीं 'सायन्स' या अमेरिकन नियतकालिकांत असा खुलासा केला कीं, काजवे एकदम उघडझांप करीत नसून पाहणाऱ्याच्या पापण्याच लवत असाव्यात! ज्यांनीं तें दृश्य पाहिलें होतें त्यांच्या डोळ्यांवर, ज्यांनीं तें पाहिलें नव्हतें त्यांनीं घेतलेला हा आक्षेप होता.

१९३५ सालीं याच नियतकालिकांत ह्यू स्मिथ यांचा लेख आला. स्मिथ हे मत्स्यशास्त्राचे जाणते. सयाम सरकारचे सल्लागार म्हणून त्यांनीं तेथें अनेक वर्षें घालविलीं होतीं. नदीकांठच्या खारट चिखलांत वाढणाऱ्या झाडांची सलग ओळ, तिच्या पानापानावर काजवे आणि त्या सर्वांचा एकच ताल, असें हें दृश्य तासन् तास व रात्रीमागून रात्र चालतें, असें त्यांनीं स्वतःच्या अनुभवावरून लिहिलें. आतां पापण्यांवर भार टाकणें कठीण झालें. तेव्हां तर्क निराळ्या वाटेनें धांवूं लागले. कोणी म्हणे हा केवळ योगायोग. कोणी हवेंतील दमटपणाचें कारण देई. आणि कांहींचें म्हणणें असें पडलें कीं, या मेळ्यांत एखादा म्होरक्या असला पाहिजे. तो चमकतो व बाकीचे त्याच्यामागून चमकतात.

हा शेवटचा तर्क विशेष लक्षांत घेण्यासारखा आहे. मनुष्याच्या स्वतःच्या संवयीचें प्रतिबिंब त्यांत पडलें आहे. पलटण पावलें टाकते ती हुकुमावर, वाद्यवृंद वाजतो तो सूत्रधाराच्या हातवाऱ्यावर. तेव्हां जेथें मेळ आहे तेथें मेळ घालणारा असलाच पाहिजे, असें आपण गृहीत धरून चालतों. वस्तुतः याच्या विरुद्ध उदाहरण आपल्या घरांतच आहे. आरतीच्या वेळीं टाळ्या वाजूं लागतात तेव्हां पहिल्या दोन-चार टाळ्या विस्कळित पडतात. कोणी खूण करीत नाहीं, कोणी मोजत नाहीं. प्रत्येक जण शेजाऱ्याची टाळी ऐकून आपला हात किंचित् लवकर किंवा किंचित् उशिरां आणतो आणि थोड्याच वेळांत सर्वांची एक टाळी होते. परंतु जें रोज घडतें त्याकडे जिज्ञासेनें पाहण्याचें मनुष्यास सहसा सुचत नाहीं.

जॉन बक या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानें १९३८ सालीं या विषयावरील सर्व उपलब्ध वृत्तांत एकत्र करून त्यांची छाननी केली. पुढें १९६५ च्या सुमारास जॉन बक व त्यांच्या पत्नी एलिझाबेथ बक हीं दोघें थायलंडांत गेलीं. बँकॉकजवळच्या भरती-ओहोटीच्या नद्यांच्या कांठीं त्यांनीं कांहीं काजवे पकडले आणि उतरण्याच्या खोलींत अंधार करून तेथें सोडून दिले. काजवे प्रथम इतस्ततः उडाले. मग भिंतींवर व छतावर एकमेकांपासून थोड्याथोड्या अंतरावर जाऊन बसले. आरंभीं प्रत्येकाची चमक वेगळी होती. कांहीं वेळानें दोघे जुळले, दुसरीकडे तिघे जुळले, आणि असे छोटे छोटे गट वाढत जाऊन सुमारें डझनभर काजवे एकाच तालावर चमकूं लागले. मेळ एका ठिकाणाहून पसरला नाहीं. तो जागोजागीं उगवला. म्होरक्याच्या तर्काला खरा धक्का बसला तो या खोलींत.

बक दांपत्याच्या मोजणीचा वृत्तांत १९६८ सालीं प्रसिद्ध झाला. थायलंडांतील या जातीच्या दोन चमकांमधील अंतर अर्ध्या सेकंदाहून किंचित् अधिक असतें. प्रकाश डोळ्यांत शिरल्यापासून पोटांतील दिवा लागेपर्यंत काजव्याच्या मज्जातंतूंना जो वेळ लागतो, तो त्यांच्या चमकांतील परस्पर फरकापेक्षां कितीतरी अधिक असतो. अर्थात् शेजाऱ्याची चमक पाहून लगेच आपण चमकूं म्हटल्यास तो काजवा दर वेळीं मागेंच पडेल. यावरून निष्पन्न झालें तें हें कीं, प्रत्येक काजव्याच्या अंगीं स्वतःचें एक घड्याळ आहे आणि शेजाऱ्यांची आतांची चमक पाहून तो आपली पुढची चमक सुधारून घेतो. म्होरक्या कोणीच नाहीं. शेजारी मात्र सर्वच आहेत.

आतां गणिताची बाजू पाहूं. निर्जीव वस्तूही एकमेकींशीं मेळ घालतात, हें फार पूर्वींच आढळून आलें होतें. १६६५ सालीं क्रिस्तिआन ह्युगेन्स हा डच शास्त्रज्ञ आजारामुळें अंथरुणास खिळलेला असतां, एकाच आधाराला टांगलेलीं दोन लंबकाचीं घड्याळें कांहीं वेळानें एका लयींत येतात, हें त्याच्या ध्यानांत आलें. आधारांतून जाणारा सूक्ष्म कंप हेंच त्यांचें संभाषण होतें. परंतु दोन घड्याळें निराळीं आणि हजारों काजवे निराळे.

याचें कोडें सुटण्यास मदत झाली ती मनुष्याच्या हृदयाची. हृदयाच्या वरच्या भागांत सुमारें दहा हजार पेशींचा एक पुंजका असतो. त्यांतील प्रत्येक पेशी स्वतंत्रपणें ठोका देण्यास समर्थ असते. तरी सर्व मिळून एकच ठोका देतात. १९७५ सालीं न्यूयॉर्क विद्यापीठांतील चार्ल्स पेस्किन यांनीं या पेशींचें गणिती चित्र मांडलें. एक गळकें भांडें नळाच्या बारीक धारेखालीं ठेवलें आहे असें समजावें. पाणी आरंभीं भराभर चढतें. जसजसें तें वर येतें तसतशी गळती वाढते व चढण्याचा वेग मंदावतो. पाणी कांठाशीं येतांच भांडें एकदम उपडें होतें आणि पुन्हां रिकामें भरूं लागतें. हा झाला एक ठोका. अशीं अनेक भांडीं शेजारीं शेजारीं ठेवून, एक उपडें झालें कीं त्याचे चार थेंब इतर सर्वांत पडावेत अशी योजना केली, तर काय होईल? जें भांडें कांठाशीं आलें आहे तें त्या चार थेंबांनीं तत्काळ उपडें होईल आणि तेथून पुढें तीं दोघें बरोबरच चालतील. पेस्किन यांनीं हें दोन भांड्यांपुरतें सिद्ध केलें. कितीही भांड्यांविषयीं तें खरें असावें, असें त्यांचें अनुमान होतें. १९९० सालीं रेनाटो मिरोलो व स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ या दोन गणितज्ञांनीं तें अनुमान सिद्ध केलें. प्रत्येकाची चमक प्रत्येकास दिसते व सर्वांचीं घड्याळें सारखीं आहेत, एवढें गृहीत धरलें म्हणजे आरंभ कसाही असो, अपवादात्मक स्थिति सोडल्यास सर्वजण अखेर एका तालावर येतात.

या सिद्धांताचा एक अनपेक्षित परिणाम झाला. उत्तर अमेरिकेंत असे एकतालाचे काजवे नाहींत, अशी तोंवर विद्वानांची समजूत होती. या संशोधनाची वार्ता वाचून टेनेसी प्रांतांतील लिन फॉस्ट या बाईंनीं स्ट्रोगॅट्झ यांस कळविलें कीं, एल्कमाँट येथें त्यांच्या कुटुंबाचें उन्हाळ्यांत राहण्याचें घर आहे व तेथील काजवे एकदम लखलखतात आणि एकदम अंधारांत जातात, हें त्या लहानपणापासून पाहत आल्या आहेत. जोनाथन कोपलंड व अँड्रयू मॉइसेफ या शास्त्रज्ञांनीं १९९० नंतरच्या दशकांत तेथें जाऊन पाहिलें आणि बाईंचें म्हणणें अक्षरशः खरें ठरलें. केम्फरची साक्ष दोनशें वर्षांहून अधिक काळ संशयांत राहिली. फॉस्टबाईंची कांहीं वर्षांतच मान्य झाली. कारण आतां विद्वानांजवळ ती साक्ष समजून घेण्यास लागणारी कल्पना होती. जें कसें घडतें हें कळत नाहीं तें घडतच नाहीं असें म्हणण्याकडे शहाण्यांचाही कल असतो, एवढें या इतिहासावरून दिसून येतें.

इकडे हें चाललें असतां यंत्रशास्त्रांत एक नवें दालन उघडत होतें. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें क्रिस्टोफर पिस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'शहाणी धूळ' अशा अर्थाचें नांव देऊन एक योजना मांडली. उष्णता, प्रकाश, कंप इत्यादि जाणणारें साधन, एक लहानसा गणकयंत्राचा तुकडा आणि बिनतारी संदेश धाडण्याची सोय, हें सर्व एका चिमुकल्या कणांत सामावावें; असे शेंकडों कण रानांत, डोंगरावर, पुलावर पसरून द्यावेत आणि त्यांनीं आपसांत बोलून एकत्रित वार्ता द्यावी, अशी ती कल्पना होती. अशा कणांना 'संवेदक' व त्यांच्या समूहास 'संवेदक-जाळें' म्हणतात. २००२ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेच्या मेन प्रांताजवळील ग्रेट डक बेटावर असे ३२ संवेदक ठेवण्यांत आले व बिळांत घरटें करणाऱ्या एका समुद्रपक्ष्याच्या निवाऱ्याचें हवामान, त्या पक्ष्यास न दुखवितां, दूरवरून समजूं लागलें.

परंतु या यंत्रांपुढें काजव्यांचाच प्रश्न उभा राहिला. प्रत्येक संवेदकांत स्फटिकाचें एक स्वस्त घड्याळ असतें. तें दहा लाख सेकंदांत वीस सेकंद चुकलें, तरी दिवसाकांठीं पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो, आणि प्रत्येकाची चूक निराळी. दुसरी अडचण शिधासामग्रीची. संवेदक लहानशा विजेरीवर जगतो आणि बिनतारी संदेश ऐकत बसणें हेंही त्यास बोलण्याइतकेंच महाग पडतें. सतत कान उघडे ठेवल्यास कांहीं दिवसांतच त्याची विजेरी संपते. म्हणून त्यानें बहुतेक वेळ झोंपावें, क्षणभर जागें होऊन शेजाऱ्याशीं बोलावें व पुन्हां झोंपावें, हाच उपाय. पण एक जागा असतां दुसरा झोंपला असेल तर बोलणार कोणाशीं? तेव्हां सर्वांनीं एकाच क्षणीं जागें होणें अवश्य ठरतें.

यावर सरळ दिसणारा उपाय म्हणजे एक मुख्य घड्याळ नेमावें व त्याची वेळ कणाकणानें पुढें पोंचवावी. ही म्होरक्याची पद्धति होय. ती पुष्कळ ठिकाणीं उत्तम चालते. परंतु वाटेंतला एखादा कण मेला तर पुढच्यांची साखळी तुटते व नवा म्होरक्या नेमीपर्यंत गोंधळ माजतो. कॉर्नेल विद्यापीठांतील याव-विन हाँग व आना स्काग्लिओने यांनीं २००५ सालीं मिरोलो-स्ट्रोगॅट्झ यांच्या सिद्धांतावर आधारलेली निराळी रीत सविस्तर मांडली. प्रत्येक संवेदकानें काजवा व्हावें; चमकेच्या जागीं बिनतारी संदेशाचा एक ठोका द्यावा; शेजाऱ्याचा ठोका कानीं पडतांच आपलें घड्याळ थोडें पुढें सारावें. कोणी मेला अथवा नवा आला, तरी मेळ आपोआप सांवरतो.

कागदावरील ही रीत प्रत्यक्षांत मात्र जशीच्या तशी चालेना. प्रकाश डोळ्यांस तत्काळ दिसतो. बिनतारी ठोक्याचें तसें नाहीं. दोन कण एकदम बोलले तर दोघांचेंही बोलणें फुकट जातें. म्हणून प्रत्येकास वाट मोकळी होईपर्यंत थांबावें लागतें. ठोका कानीं पडेपर्यंत किती उशीर झाला, हें ऐकणाऱ्यास कळत नाहीं व तो चुकीच्या क्षणीं आपलें घड्याळ सारतो. हार्वर्ड विद्यापीठांतील जेफ्री वर्नर-ॲलन, राधिका नागपाल, मॅट वेल्श व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००५ सालीं ही अडचण दूर केली. प्रत्येक ठोक्याबरोबर 'मला इतका वेळ थांबावें लागलें' अशी टीप जोडावी आणि ऐकणाऱ्यानें लगेच कांहीं न करितां एका फेऱ्यांतील सर्व ठोके टिपून ठेवून त्यांचा हिशेब पुढच्या फेऱ्यांत करावा, अशी त्यांनीं योजना केली. इमारतींत मांडलेल्या २४ संवेदकांवर ती यशस्वी झाली. थायलंडचा काजवाही आतां पाहिलेल्या चमकेचा उपयोग पुढच्या चमकेसाठीं करतो, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

त्याच २००५ सालीं वर्नर-ॲलन व वेल्श हे ज्वालामुखीशास्त्रज्ञांबरोबर इक्वेडोर देशांतील रेव्हेंतादोर या जागृत ज्वालामुखीवर गेले. या पर्वतानें २००२ सालीं मोठा उद्रेक केला होता. त्याच्या अंगावर सुमारें तीन किलोमीटरांच्या ओळींत १६ संवेदक रोंवण्यांत आले. जमिनीचा कंप व स्फोटाचा आवाज टिपण्याचें काम त्यांच्याकडे होतें. सुमारें तीन आठवड्यांत २३० हादरे नोंदले गेले. पर्वताच्या पोटांतील हादरा एका कणापर्यंत आधीं व दुसऱ्यापर्यंत क्षणार्धानें मागून पोंचतो. त्या अंतरावरूनच तो कोठून निघाला हें ठरवावयाचें असतें. घड्याळ चुकलें कीं हादऱ्याची जागाही चुकली.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. रेव्हेंतादोरवर काजव्यांची रीत वापरली गेली नव्हती. एका ठिकाणीं उपग्रहाची वेळ घेऊन कणाकणानें ती पसरविण्याची रीतच तेथें होती. ती मधूनमधून बिघडली आणि संशोधकांना मागाहून पुष्कळ नोंदींच्या वेळा दुरुस्त कराव्या लागल्या. तथापि केवळ काजव्यांच्या रीतीनेंही तें काम पुरें झालें नसतें. 'सर्वांनीं आतां' एवढेंच काजवे एकमेकांस सांगतात. 'आतां किती वाजले' हें त्यांतील कोणासही ठाऊक नसतें. एकदम जागें होणें, एकदम मोजमाप घेणें, एवढ्यासाठीं काजव्याची शिकवण पुरते; घटनेची वेळ जगाच्या घड्याळाशीं जुळवावयाची तर बाहेरची वेळ आणावीच लागते. एकवाक्यता आणि सत्य या दोन भिन्न वस्तू आहेत. शंभर घड्याळें एकमेकांशीं तंतोतंत जुळलेलीं असूनही शंभरही चुकीचीं असूं शकतात.

म्होरक्यावांचूनच्या व्यवस्थेंत दुसरेंही एक उणें आहे. तिच्यांत एखादा कण बिघडून भलत्याच वेळीं ठोके देऊं लागला, तर शेजारी त्याचेंही ऐकतात. आणि चूक कोठें शिरली हें शोधावयाचें तर विचारावें कोणाला, हा प्रश्न उरतो. पक्ष्याच्या बिळांतील उष्णतेची नोंद चुकली तर फारसें बिघडत नाहीं. ज्वालामुखीच्या पायथ्याशीं गांव असेल आणि तें रात्रींतून रिकामें करावें कीं नाहीं हें ठरवावयाचें असेल, तर जाळ्यानें साक्ष द्यावी. निवाडा मात्र ज्याला जाब विचारतां येईल अशा मनुष्यानेंच केला पाहिजे.

या सर्व इतिहासांत ज्याच्याकडून हें ज्ञान मिळालें, त्याची स्थिति आज काय आहे? चमक ही काजव्याची भाषा आहे. तिच्याच आधारें नर व मादी एकमेकांस ओळखतात. नदीमुखांजवळचीं खाऱ्या पाण्यांतील रानें अनेक देशांत तोडलीं गेलीं आहेत व नदीकांठीं विजेचे प्रखर दिवे आले आहेत. त्या झगमगाटांत काजव्याचा प्रकाश शेजारच्या काजव्यालाही दिसेनासा होतो. शेजारी दिसेनासा झाला म्हणजे मेळही उरत नाहीं. केम्फरनें ज्या नदीवर तें झाड पाहिलें, तिच्याच पाण्यावर पुढें बँकॉक शहर वाढलें. जेथें नदीकांठचीं झाडें अजून उभीं आहेत, तेथें रात्रीचे दिवे थोडे मंद ठेवणें हें कांहीं मोठें मोल नव्हे. त्या झाडांवर आणखी काय लिहिलेलें आहे, तें अजून पुरतें वाचून झालेलें नाहीं.